घडी घातलेला भोंगा

खोकं कसं असावं हे मला कुणी शिकवू नये. सव्वीस वर्षं मी पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात काढली आहेत. औषधाच्या बाटलीपासून कपडे धुण्याच्या यंत्रापर्यंत, जे जे म्हणून विकलं जातं त्याला अंगाबरोबर खोकं बेतून देणारा माणूस आहे मी! तेव्हा स्पीकरची खोकी घरीच करायची असं मी जाहीर केलं, त्यात कुणी भुवया उंचावण्यासारखं काही नव्हतं. बायकोने तरी उंचावल्याच.

आता तुम्हाला थोडं समजावून सांगतो. नेहमीच्या स्पीकरमध्ये दोन-तीन पडदे असतात. जाड आवाजाचा वेगळा, बारीक आवाजाचा वेगळा, प्रत्येकाची खाती वाटलेली. माझ्या स्पीकरला एकच पडदा, तोही चहाच्या बशीएवढा. याला म्हणतात फुल रेंज. जाड, बारीक, मधलं, सगळं काम हा एकटा ओढतो. पण एवढासा जीव घर कसं भरणार? तर त्याच्या पाठीला भोंगा जोडायचा. तोंडाभोवती दोन्ही हात धरून हाक मारली की ती लांब जाते, तेच तत्त्व. फक्त माझ्या पडद्याला लागणारा भोंगा होता अडीच मीटर लांब. तो सरळ ठेवला असता तर त्याचं एक टोक आमच्या न्हाणीघरात आणि दुसरं शेजाऱ्यांच्या देव्हाऱ्यात गेलं असतं. म्हणून भोंग्याची घडी घालायची! म्हणजे कमरेएवढं खोकं करायचं आणि आत फळ्या अशा बसवायच्या की आवाज पडद्यामागून निघून, वळणं घेत घेत, रुंद होत होत, खालच्या मोठ्या तोंडातून बाहेर पडेल. अशी दोन खोकी. एक डावं, एक उजवं.

मी मिस्त्रीला नकाशा दाखवला. त्याने तो उभा धरला, आडवा धरला, शेवटी उलटा धरून विचारलं, "साहेब, कपाटात एवढ्या वाकड्या भिंती कशाला? उंदरांना भाड्याने द्यायचंय का?" मी त्याला आवाजाचं शास्त्र सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, फळ्या मापात कापून दिल्या आणि जाताना एकच गोष्ट बजावली. हा गोंद वाळला की खोकं उघडता येत नाही, फोडावंच लागतं. मी हसलो. उघडायचं कशाला म्हणून!

हे सगळं काम चाललं होतं आतल्या खोलीत, आणि खरी गोम तिथेच होती. ती खोली सासऱ्यांची. ते वर्षभरापूर्वी आमच्याकडे राहायला आले. प्लायवूड आल्यापासून त्यांचा पलंग बाहेरच्या खोलीत, चपलांच्या कपाटाशेजारी गेला होता. मी बायकोला आठ दिवसांचा शब्द दिला होता. तीन महिने झाले! शेवटी तिने भंगारवाल्याशी परस्पर बोलून ठेवलं. रविवारी दुपारी बाराला तो येणार. तोपर्यंत खोकी वाजली तर राहतील, नाही वाजली तर जातील, आणि कसंही झालं तरी बाबांचा पलंग आत जाईल. बायको एकदा बोलली की विषय संपतो.

पण तुम्हाला म्हणून सांगतो, मला भंगारवाल्याची तितकीशी धास्ती नव्हती. मला हवा होता सासऱ्यांच्या तोंडून एक चांगला शब्द. सासरे म्हणजे यंत्रशाळेतले मोठे फोरमन. केसाच्या जाडीएवढी चूक बोट फिरवून सांगणारे. चोवीस वर्षांत त्यांनी माझ्या एकाही कामाला बरं म्हटलेलं नाही. मी भिंतीवर घड्याळ लावलं तर ते मान तिरकी करून वेळ बघायचे. मी नळाचा वायसर बदलला की ते काही न बोलता नळाखाली बादली ठेवायचे. त्यात ऐकू कमी येऊ लागल्यापासून त्यांच्या कानाला मशीन होतं. कानामागे अडकवायचं, शेंगदाण्याएवढं. ते कानाला असलं की घरातलं कुठलंही वाक्य त्यांच्या दुरुस्तीशिवाय पूर्ण होत नसे.

आणि गुरुवारी चमत्कार झाला.

डावं खोकं जमिनीवर पाठीवर झोपवलेलं होतं, भोंग्याचं तोंड छताकडे. बाजूची शेवटची फळी आदल्या दिवशी चिकटवून झाली होती. सासरे आत आले, बॅटरी घेतली, गुडघे टेकून आख्खं डोकं भोंग्याच्या तोंडात घातलं आणि पाच मिनिटं आतले सांधे बघत राहिले. बाहेर निघताना त्यांचा चष्मा अडकला. तो मी सोडवून दिला. मग धीर करून विचारलं, "कसं झालंय, बाबा?"

"बरं," सासरे म्हणाले.

बरं! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. शुक्रवारी खात्री म्हणून पुन्हा विचारलं, तर पुन्हा "बरं". शनिवारी बायकोने भीत भीत विचारलं की संध्याकाळी नुसती खिचडी केली तर चालेल का, तर तेही "बरं"! एरवी खिचडीवर त्यांचं अर्धा तास भाषण असतं. तीन दिवस त्यांनी कुणाला खोडलं नाही, कुणाची चूक काढली नाही. बायकोला वाटलं, रक्तदाबाची नवी गोळी लागू पडली. मी मात्र ओळखून होतो. कारागिराने कारागिराला ओळखलं होतं.

रविवारी सकाळी आठला मी दोन्ही खोकी उभी केली, पडदे बसवले, वायरी जोडल्या. माझा अॅम्प्लिफायर अगदी लहान, डब्याएवढा. भोंग्याला ताकद लागत नाही, हेच तर त्याचं वैशिष्ट्य! बायकोला बोलावलं. सासरे बाहेर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांना शेवटी बोलावून चकित करायचं असं ठरवलं आणि बटण दाबायला हात पुढे केला.

बटण दाबायच्या आधीच डाव्या खोक्यातून शिट्टी सुरू झाली. ईऽऽऽऽ! बारीक, लांबलचक, दातात शिरणारी.

मी वायर बदलली. शिट्टी चालू. अॅम्प्लिफायर बंद केला. चालू. भिंतीतला प्लग उपसला. चालू! शेवटी घरातलं मुख्य बटण पाडलं. पंखे थांबले, फ्रिज गप्प झाला आणि त्या शांततेत शिट्टी आणखी खणखणीत ऐकू येऊ लागली. मी खोक्यासमोर मांडी घालून बसलो. विजेशिवाय वाजणारा स्पीकर माझ्या हातून तयार झाला होता. खरं सांगतो, अर्धं मिनिट मला त्याचा अभिमान वाटला!

तिकडे खालच्या मजल्यावर निराळाच घोळ सुरू झाला होता. तिथे गणिताच्या निवृत्त बाई राहतात. आमच्या आतल्या खोलीमागून पाण्याचे पाइप खाली जातात, आणि शिट्टी त्या वाटेने बरोबर बाईंच्या न्हाणीघरात उतरली. बाईंनी प्लंबरला फोन केला. प्लंबरने पाइपला कान लावून निदान केलं, पाइपात हवा अडकली आहे. त्याने गच्चीवर जाऊन टाकीचा मोठा कॉक बंद केला आणि हवा सुटावी म्हणून सगळ्यांना नळ उघडे ठेवायला सांगितलं. रविवारची सकाळ! चार मजल्यांवरची निम्मी माणसं डोक्याला साबण लावून उभी होती. पाणी गेलं, शिट्टी राहिली.

आमच्या घरात बायको बराच वेळ डोळे बारीक करून ऐकत होती. मग एकदम म्हणाली, "अहो, हा बाबांच्या मशीनचा आवाज आहे. कानात नीट बसलं नाही की ते असंच कोकलतं."

"पण बाबा तर बाहेर आहेत."

आम्ही दोघं बाहेर धावलो. सासरे पेपर वाचत होते. उजव्या कानामागे मशीन नव्हतं. बायकोने मागून हाक मारली. उत्तर नाही. पुढे जाऊन विचारलं, बाबा, मशीन कुठाय? सासऱ्यांनी तिच्या हलणाऱ्या ओठांकडे बघितलं, मान डोलावली आणि गोड हसून म्हणाले, "बरं."

गुरुवारचं बरं, शुक्रवारचं बरं, दोन्ही पाण्यात गेली! मला वाटलं होतं कारागिराने कारागिराला ओळखलं. कारागिराला काही ऐकूच आलं नव्हतं. चष्मा अडकला तेव्हा कानामागचं मशीन सुटून भोंग्यात पडलं होतं. आडव्या खोक्यात ते गुपचूप पडून होतं. आज खोकं उभं केलं तसं ते वळणावळणाने घसरत आतल्या कुठल्या तरी अरुंद कोपऱ्यात जाऊन बसलं, आणि बोंबलायला लागलं. बॅटरी बुधवारी मीच नवी घातली होती.

"काढा," बायको म्हणाली.

काढा म्हणणं सोपं आहे. खोकं तिरकं केलं, उलटं केलं, बाळाला ढेकर काढतात तसं पाठीवर थोपटलं. पण वळणावर मी लोकरीचा जाड नमदा चिकटवला होता, आणि मशीन त्याला धरून बसलं होतं. शेवटी मी भोंग्याच्या तोंडातून हात घातला. मनगट गेलं, कोपर गेलं. बोटाला काहीतरी लागल्यासारखं वाटलं म्हणून आणखी रेटा दिला, आणि तिथे हात असा काही अडकला की पुढेही जाईना आणि मागेही येईना. आणि नेमकी तेव्हाच दारावरची कडी वाजली.

दारात गणिताच्या बाई, त्यांच्यामागे प्लंबर आणि प्लंबरमागे रिकाम्या बादल्या घेतलेले चार-पाच शेजारी. त्यातल्या एकाच्या केसांवर फेस होता. मी जमिनीवर आडवा, एक हात खांद्यापर्यंत लाकडी खोक्यात, आणि खोकं शिट्टी वाजवतंय.

बाईंनी चष्मा पुसून परत लावला. "हे असं किती दिवस चालणार आहे?" त्यांनी शांतपणे विचारलं. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला विचारतात तसं.

बायकोने सगळी हकिकत सांगितली. मला वाटलं आता शोभा होणार. पण माझ्या मनात भलतंच येत होतं आणि ते मी बोलूनही गेलो. "बाई, म्हणजे खाली तुमच्यापर्यंत ऐकू आलं? स्पष्ट?"

त्या म्हणाल्या, तळमजल्यावरच्या माणसालाही ऐकू आलं. तीन मजले! शेंगदाण्याएवढ्या मशीनचा आवाज, वीज नाही, काही नाही, आणि तीन मजले! भोंग्याचं माप केसभरही चुकलेलं नव्हतं. हात अडकलेला असताना माणसाची छाती फुगू शकते, हे मला त्या दिवशी कळलं.

हात प्लंबरने सोडवला, साबण लावून. तो धुवायला पाणी नव्हतं, कारण ते त्यानेच बंद केलं होतं. मग त्याने पिशवीतून तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या करायची लांब स्प्रिंग काढली आणि मला म्हणाला, साहेब, वळणं हा माझा विषय आहे, तुम्ही बाजूला व्हा. त्याने स्प्रिंग भोंग्यात घातली, फिरवली, आणखी फिरवली. शिट्टी थोडी लांब गेल्यासारखी वाटली. अगदी बरोबर! त्याने मशीन दुसऱ्या वळणावरून तिसऱ्या वळणापलीकडे ढकललं होतं, जिथून आता माणसाचा हात काय, मुंगीही सरळ परत आली नसती. एवढं करून तो पाणी सोडायला गच्चीवर निघून गेला.

घड्याळात साडेअकरा झाले होते. बायकोने आतून करवत आणली आणि माझ्या हातात दिली. रागाने नाही, त्यानेच जास्त लागलं. म्हणाली, "तुमचे तीन महिने गेले, कळतंय मला. पण बाबा तीन दिवस बहिऱ्यासारखे बसलेत आणि आपल्याला पत्ता नाही. मला नाही सहन होत हे."

ती खरं तेच बोलत होती. मी त्यांच्या तीन दिवसांच्या मुकेपणाचं श्रेय माझ्या सांध्यांना देत बसलो होतो. मला लाज वाटली. मी करवत डाव्या खोक्याच्या बाजूच्या फळीवर टेकवली. ती फळी मी चार वेळा घासली होती, पॉलिशचे तीन हात दिले होते. एकदा ओढली. डोळ्यांत पाणी आलं हे मी कबूल करतो.

दुसऱ्यांदा ओढायच्या आत मनगटावर एक हात पडला. सासरे. फळीला लागलेल्या करवतीची थरथर त्यांना बाहेर फरशीतून कळली होती, असं ते नंतर म्हणाले. फोरमनचे पाय! त्यांनी माझ्याकडे बघितलं, खोक्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हे काय चाललंय?"

तोंडाने सांगून उपयोग नव्हता. मी प्लायचा एक तुकडा उचलला, मिस्त्रीची पेन्सिल घेतली आणि लिहिलं : तुमचं मशीन आत अडकलंय. फोडून काढतो.

त्यांनी ते वाचलं. तुकडा मांडीवर ठेवून स्टुलावर बसले, दोन्ही खोक्यांच्या बरोबर मध्ये, आणि म्हणाले, "आधी वाजवा."

मी मुख्य बटण वर केलं. फ्रिज गुरगुरला, पंखे फिरले. एक जुनं व्हायोलिनचं वादन लावलं आणि आवाजाची कळ हळूहळू फिरवली. आणि काय सांगू तुम्हाला! बशीएवढा तो पडदा, पण खोली भरली, दार भरलं, जिना भरला. व्हायोलिनच्या तारेवर गज टेकतो तो स्पर्शसुद्धा ऐकू येत होता. खालचा भारदस्त सूर भोंग्याच्या तोंडातून निघून फरशीवरून पायांपर्यंत येत होता. बाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. फेसवाल्या शेजाऱ्याचा फेस वाळून गेला तरी तो हलला नाही. गच्चीवरून परत आलेल्या प्लंबरने नुसतं हाताने खुणावलं, आणखी थोडं वाढवा.

शिट्टी अर्थातच चालू होती. सुंदर व्हायोलिन आणि त्यावर अखंड ईऽऽऽ. आम्ही सगळे ती सहन करून ऐकत होतो. पण सासऱ्यांच्या कानातून बारीक आवाज कधीचेच गेलेले. त्या खोलीत निव्वळ व्हायोलिन ऐकणारा एकच माणूस होता, आणि तो बहिरा होता! त्यांनी एक तळवा डाव्या खोक्यावर ठेवला होता, एक उजव्या. डोळे मिटलेले. पायाचं बोट चपलेत ताल धरत होतं. वर्षभरात मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. बायकोने तोंडाला पदर लावला आणि भिंतीकडे वळली.

वादन संपलं. सासऱ्यांनी डोळे उघडले, खोक्याशी पडलेली करवत उचलली आणि स्टुलाखाली सारली.

"गुरुवारी पडलं तेव्हाच कळलं होतं मला," ते म्हणाले. "सांगितलं असतं तर हिने त्याच दिवशी फोडायला लावलं असतं. सांधे बघितलेत मी आतले. असं काम फोडत नसतात, जावईबापू."

चोवीस वर्षं! त्यांच्या मांडीवरचा तो तुकडा उचलून मी पेन्सिलीसकट जमिनीवर टाकून दिला. बारा वाजता भंगारवाला आला तेव्हा मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पूर्ण वादन पुन्हा ऐकवलं. नळाला पाणी आलं होतंच.

बायको मात्र बायको. सगळे गेल्यावर तिने जमिनीवरचा तुकडा उचलला आणि दुसऱ्या बाजूला ठसठशीत अक्षरात लिहिलं : ते सगळं ठीक आहे बाबा, पण आम्ही बोललेलं तुम्हाला ऐकू कसं येणार?

सासऱ्यांनी ते दोनदा वाचलं. "वर्षभर ऐकलं की," ते म्हणाले. "त्यात विशेष काही नव्हतं."

मी पोट धरून हसलो. बायको हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग हळूहळू माझ्या लक्षात आलं की या घरात वर्षभर सगळ्यात जास्त मीच बोलत होतो.